शुक्रावरचा आळ

हौशी आकाशनिरीक्षकांना उन्हाळा, पावसाळा, हिवाळा यांखेरीज आणखी एक ऋतू असतो. तो साधारण एकोणीस महिन्यांनी येतो आणि त्याची चाहूल फोनवरून लागते.

"सर, तुम्ही ते आकाशाचं बघता ना? पश्चिमेला एक लाइट दिसतोय."

"कधीपासून?"

"अंधार पडायला लागल्यापासून. एका जागी आहे. म्हणजे हलतोय, पण हळूहळू. आणि मधूनच लाल होतो."

"शुक्र आहे तो."

पलीकडे शांतता. मग जरासा दुखावलेला आवाज येतो, "शुक्र आम्हालाही माहीत आहे हो. हे वेगळं आहे."

"बरं, मग शुक्र कुठे दिसतोय तुम्हाला?"

"तो नाही दिसत. याच्या उजेडापुढे झाकला गेला असेल."

या युक्तिवादावर खगोलशास्त्राकडे अजून तरी उत्तर नाही. फोन ठेवावा, तर दहा मिनिटांत त्याच इमारतीतून दुसरा फोन येतो, कारण एव्हाना प्रकरण गच्चीवर गेलेलं असतं. गच्चीवर आठ-दहा माणसं जमलेली आणि त्यांत एक निवृत्त काका. काका नोकरीत असताना ऑफिसच्या खर्चाने विमानातून दिल्लीला जाऊन आलेले असल्यामुळे विमानविद्येत त्यांचा शब्द अखेरचा. "विमान नाही," ते जाहीर करतात, "विमान असं थांबत नाही." हेलिकॉप्टर? "मग आवाज कुठेय?" ड्रोन? "लग्नाचा सीझन नाही." अशा रीतीने एकेक संशयित सुटत गेल्यावर जे उरतं ते परग्रहाचंच असणार, यावर गच्चीचं एकमत होतं. गंमत म्हणजे ते चुकीचंही नसतं. समोर आहे तो परग्रहच. फक्त त्यातून कुणी उतरत नाही, इतकंच.

वास्तविक शुक्र हा काही लपूनछपून येणारा ग्रह नव्हे. सूर्य आणि चंद्र सोडले, तर रोजच्या आकाशात त्याच्याइतकं झगझगीत दुसरं काही नसतं. ताऱ्यांमध्ये सगळ्यांत तेजस्वी व्याध. ऐन भरातला शुक्र त्याच्याही वीसेक पट उजळ. पांढऱ्या ढगांची जाड रजई त्याने अंगभर ओढून घेतली आहे आणि अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी जवळजवळ तीनचतुर्थांश तो परत पाठवतो. खऱ्या अंधाऱ्या जागी त्याच्या उजेडात सावलीसुद्धा पडते. आपल्या आकाशात सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे तो कधीच जात नाही. त्यामुळे दिसला तर सूर्यास्तानंतर तीनेक तास पश्चिमेला किंवा सूर्योदयाआधी तीनेक तास पूर्वेला. म्हणजे लोक ऑफिसातून सुटतात त्या वेळी, नाहीतर दूधवाला आणि प्रभातफेरीवाले रस्त्यावर असतात त्या वेळी. मध्यरात्री, निवांतपणी, कुणाचं लक्ष नसताना डोक्यावर येण्याची सोय त्याला निसर्गानेच ठेवलेली नाही. एवढ्या साक्षीदारांसमोर रोज ठरल्या वेळी हजर होणाऱ्यावर संशय घ्यायचा म्हणजे कमालच.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहिला तर पाहणाऱ्यावर चोरीचा आळ येतो, अशी आपल्याकडे समजूत. स्यमंतक मण्यापायी साक्षात श्रीकृष्णाचीही त्यातून सुटका झाली नाही. शुक्राच्या बाबतीत हा कायदा उलटा चालतो. पाहणारा नामानिराळा राहतो आणि आळ येतो शुक्रावर.

बरं, शुक्र आपल्याला अनोळखी आहे म्हणावं, तर तसंही नाही. लग्नाची तारीख धरताना 'शुक्राचा अस्त नाही ना?' हे गुरुजींच्या आधी मुलीचा मामा विचारतो. पंचांगात शुक्र दिसेनासा झाला की मुहूर्त अडतात, कार्यालयं ओस पडतात आणि आचारी गावी जातात. मुलगी देखणी असली की शुक्राची चांदणी, पत्रिकेत शुक्र बळकट असला की जावई नशीबवान. शुक्र नसल्याची इतकी काटेकोर खबर ठेवणारी मंडळी, तो आला की मात्र त्याला ओळखत नाहीत. पंचांगातला शुक्र वेगळा आणि पाण्याच्या टाकीमागचा वेगळा, अशी काहीतरी फाळणी झालेली असावी.

प्रस्तुत लेखकाचा आकाशाशी संबंध गच्चीवर पापड वाळत घालण्यापुरता. तेव्हा पुढे ज्या जाणत्या मंडळींचे किस्से येणार आहेत, त्यांच्याहून आपल्याला अधिक कळतं, असा त्याचा मुळीच दावा नाही. उलट, हुद्दा, वर्दी आणि दुर्बीण यांतलं काहीही शुक्रापुढे उपयोगी पडत नाही, हे वाचून त्याला जरा बरंच वाटलं.

उदाहरणार्थ, लडाख. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरात तैनात असलेल्या भारतीय जवानांना आकाशात अनोळखी दिवे दिसू लागले. समोर चीन. चिनी टेहळणी ड्रोन असणार, हा संशय अगदीच स्वाभाविक होता. सीमेवरच्या माणसाने संशय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा? लष्कराच्या शिस्तीने नोंदी झाल्या. एकूण दर्शनं ३२९. त्यांपैकी प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून भारतीय हद्दीत घुसखोरी, १५५ वेळा. उरलेल्या १७४ वेळा पाहुणे आपल्या मर्यादेत राहिले, याचीही नोंद घ्यायला हवी.

ड्रोन तसे वक्तशीर. एक जण रात्री यायचा आणि बराच वेळ मुक्काम ठोकून असायचा, दुसरा पहाटे उगवायचा. थंडी उणे अंशांत, वारा हाडं फोडणारा, पण यांची पाळी चुकत नसे. चिनी शिस्तीबद्दल तिथे थोडाफार आदरही निर्माण झाला असल्यास नवल नाही. अखेर लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. ही वस्तू आकाशातली की जमिनीवरची, एवढंच सांगा. खगोलशास्त्रज्ञांनी अनोळखी दिव्यांच्या जागा आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून पाहिल्या आणि निकाल दिला. रात्रीचा तो गुरू आणि पहाटेचा तो शुक्र.

म्हणजे देवांचे गुरू बृहस्पती आणि दैत्यांचे गुरू शुक्राचार्य, पुराणकाळापासून एकमेकांचं तोंड न बघणारे, लडाखमध्ये मात्र पाळ्या वाटून घेऊन काम करत होते. तेव्हाचा गुरू पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता. अगदी जवळ म्हणजे साठ कोटी किलोमीटरवर. तिथून त्याने ताबारेषा ओलांडली. याच लडाखमध्ये हानले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर याच संस्थेची वेधशाळा आहे. तिथली हवा इतकी विरळ आणि कोरडी आहे की आकाश जणू हाताला लागावं; म्हणून तर शास्त्रज्ञांनी ती जागा निवडली. शास्त्रज्ञांना ग्रह स्पष्ट दिसतात त्याच हवेत जवानांना ड्रोनही स्पष्ट दिसले.

जवानांना हसण्याचं कारण नाही. निदान त्यांनी तज्ज्ञांना विचारलं, आणि तज्ज्ञांनी सांगितलेलं ऐकलंही. हे दुसरं फारच दुर्मीळ आहे.

अमेरिकेत तर पोलिसांनी शुक्राचा चक्क पाठलाग केलेला आहे. १९६७ सालचा ऑक्टोबर, जॉर्जिया राज्य, पहाटेची वेळ. गस्तीवरच्या पोलिसांना झाडांच्या शेंड्यांवर एक तेजस्वी गोळा दिसला. गाडी त्याच्या रोखाने सोडली, तर तो पुढे पळू लागला. वेग वाढवला, त्यानेही वाढवला. दमून गाडी मागे वळवली, तर तो यांच्या पाठीमागे येऊ लागला! वायरलेसवरून बातमी शेजारच्या ठाण्याला गेली. तिथल्या पोलिसांनी बाहेर येऊन पाहिलं, तर काय आश्चर्य, त्यांच्याकडेही तोच. एक-दोन नव्हे, अकरा गावांच्या पोलिसांनी त्याला पाहिलं. त्या सुमारास अमेरिकन हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठाकडे उडत्या तबकड्यांची चौकशी सोपवली होती आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन तिचे प्रमुख होते. चौकशी पथकाने हिशेब मांडला. दिशा शुक्राची, वेळ शुक्राची, तेज शुक्राचं. अकरा गावांतून एकाच वेळी एकच वस्तू दिसते, याचा अर्थ ती फार चपळ आहे असा पोलिसांनी लावला. ती फार लांब आहे, असाही लावता आला असता.

आदल्या वर्षी, १९६६च्या एप्रिलमध्ये, ओहायो राज्यातल्या पोलिसांनी याहून मोठा पराक्रम केला होता. पहाटे दिसलेल्या एका तेजस्वी वस्तूमागे त्यांनी ८५ मैल गाडी हाणली. ताशी शंभर मैलांचा वेग, राज्याची सीमा ओलांडून थेट पेनसिल्व्हेनियात. हवाई दलाने खुलासा केला की आधी दिसला तो उपग्रह आणि नंतर तुम्ही मागे लागलात तो शुक्र. पोलिसांना तो अजिबात पटला नाही. पटणार कसा? ८५ मैल जिच्यामागे धावलो ती वस्तू जागची हललीच नव्हती, हे कुठल्या पोलिसाने वरिष्ठांना लिहून द्यायचं?

खरं तर यातली करामत मामाच्या गावाला गेलेल्या प्रत्येकाने बालपणी पाहिलेली असते. एसटीच्या खिडकीतून पाहिलं की झाडं मागे पळतात, खांब मागे पळतात आणि चांदोबा मात्र गाडीबरोबर येतो. गाडी थांबली की तोही थांबतो. तेव्हा आपण टाळ्या पिटतो. मोठेपणी पट्ट्याला पिस्तूल लागलं की तीच गोष्ट पाठलाग ठरते.

राजकारणातल्या मंडळींचं तर विचारूच नका. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष होण्याआधी जॉर्जियाचे गव्हर्नर होते आणि त्याही आधी लिअरी नावाच्या लहानशा गावात लायन्स क्लबच्या सभेला गेले होते. सभा सुरू व्हायच्या आधी दहा-बारा मंडळी बाहेर उभी असताना पश्चिम आकाशात एक तेजस्वी वस्तू दिसली. जवळ आली, लांब गेली, रंग बदलले. कार्टर नौदलात अधिकारी होते, पाणबुड्यांवर काम केलेले, अणुविज्ञान शिकलेले. म्हणजे साक्षीदार कसा असावा, तर असा. त्यांनी १९७३ साली रीतसर फॉर्म भरून माहिती दिली, फक्त घटनेनंतर बऱ्याच काळाने. घटनेचा महिना लिहिला, ऑक्टोबर १९६९.

रॉबर्ट शेफर नावाच्या चिकित्सक गृहस्थांनी लायन्स क्लबचं दप्तर उकरून काढलं, तर सभा निघाली ६ जानेवारी १९६९ची. त्या संध्याकाळी, त्या दिशेला, त्याच उंचीवर शुक्र ठाण मांडून बसलेला होता. अलीकडे आणखी एक खुलासा पुढे आला आहे. तेव्हा रॉकेटमधून उंच वातावरणात बेरियमचे ढग सोडण्याचे प्रयोग होत आणि ते रंगीबेरंगी दिसत. कार्टरांना तो ढग दिसला असावा. कार्टर स्वतः म्हणत की ते परग्रहावरचं यान होतं असं मला वाटत नाही, पण शुक्रही नव्हता. शुक्र मी ओळखतो. म्हणजे शेवटी तेच, गच्चीवरचं वाक्य. निवडणूक जिंकून व्हाइट हाउसमध्ये गेलं तरी माणूस गच्चीवरून खाली उतरत नाही.

त्यामानाने नेपोलियनचे दिवस बरे होते. १७९७च्या डिसेंबरात इटली जिंकून परतलेल्या जनरल बोनापार्टचा पॅरिसमध्ये सत्कार होता. जनरलसाहेब आले, तर रस्त्यावरची गर्दी त्यांच्याकडे पाठ करून आकाशात बघतेय. चौकशी केली तेव्हा कळलं की भर दिवसा शुक्र दिसतोय. पण गर्दीतली माणसं धोरणी. तो इटलीच्या विजेत्याचा तारा आहे, असं त्यांनी सांगितलं आणि जनरलसाहेब खूश झाले. शुक्र ज्याचा-त्याचा असतो, हे सोयीचं आहे. पोलिसाला वाटतं आपल्या मागे लागलाय, सैनिकाला वाटतं आपल्यावर नजर ठेवतोय, सेनापतीला वाटतं आपल्यासाठीच उगवलाय. सूर्याभोवती २२५ दिवसांत आपली फेरी पुरी करण्याच्या नादात असलेल्या बिचाऱ्या शुक्राला यातलं काहीच ठाऊक नसतं.

एक प्रसंग मात्र हसता हसता घशाशी आणणारा. जानेवारी २०११मध्ये टोरांटोहून झुरिचला निघालेलं एक प्रवासी विमान मध्यरात्री अटलांटिकवरून चाललं होतं. सहवैमानिकाला डुलकीची परवानगी होती. नियमाने जास्तीत जास्त ४० मिनिटं, त्याने घेतली ७५. जाग आली तेव्हा कॅप्टन समोरून येणाऱ्या एका लष्करी विमानाबद्दल काही सांगत होता. डोळे चोळत समोर पाहिलं, तर झगझगीत दिवा. ते विमान नव्हे, शुक्र आहे, हा खुलासा झाला. मग खरं विमान दिसलं, ते एक हजार फूट खालून सुखरूप जाणार होतं. पण अर्धवट झोपेतल्या सहवैमानिकाला ते नेमकं अंगावर येतंय असं वाटलं आणि त्याने विमानाचं नाक खाली दाबलं. कॅप्टनने सावरलं, तोवर पट्टे न बांधलेले प्रवासी छताला भेटून आले होते. १४ प्रवासी आणि २ कर्मचारी जखमी झाले. चौकशी अहवालात शुक्राचं नाव आलंच. खरा दोष झोपेचा, पण नाव वर्तमानपत्रात शुक्राचं.

डोळा हा अवयव मुळात या कामासाठी बनवलेलाच नाही. अंधाऱ्या खोलीत उदबत्ती लावून ठेवावी आणि तिच्या टोकाच्या ठिपक्याकडे एकटक पाहावं. मिनिटाभरात तो ठिपका इकडेतिकडे रांगू लागतो. उदबत्ती जागीच असते, रांगतात आपल्या डोळ्यांचे बारीक स्नायू. आजूबाजूला तुलनेला काही नसलं की मेंदू ती हालचाल ठिपक्याच्या नावावर मांडतो. ढग सरकत असले तर काम आणखी सोपं; ढग थांबलेला वाटतो आणि तारा धावतो. अंतराचं तर विचारायलाच नको. गच्चीवरचा माणूस छातीठोकपणे सांगतो, "इथून दोनशे फुटांवर होतं, जास्तीत जास्त अडीचशे." शुक्र अगदी जवळ आला तरी चार कोटी किलोमीटरवर असतो. पण चार कोटी किलोमीटर डोळ्यांना दिसत नाहीत, आणि समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसते. मग त्या टाकीमागे शुक्र मावळला की बातमी तयार होते, "एका क्षणात गायब!"

त्यात मोबाइलची भर. हातात धरलेल्या फोनवर जमेल तितका झूम करून घेतलेल्या व्हिडिओत शुक्र नागमोडी पळतो, कारण हात थरथरतो. फोकस धड बसत नाही आणि ठिपक्याची थरथरणारी चकती होते. तिच्या कडा लवलवतात, मध्ये काळे डाग दिसतात. "खिडक्या दिसतायत बघा," असं कुणीतरी म्हणतं. एकदा खिडक्या दिसल्या की पुढे खिडकीत बसलेले दिसायला वेळ लागत नाही.

शुक्र सुट्टीवर असला तरी काम अडत नाही. हिवाळ्यात पूर्वेकडून व्याध उगवतो आणि क्षितिजालगत असताना लाल, हिरवा, निळा असे रंग सटासट बदलतो. वातावरणाचे गरम-थंड थर त्याच्या प्रकाशाला हव्या त्या दिशेला वाकवतात आणि रंग सुटे होतात. ताऱ्याचा ठिपका इतका बारीक की जराशा धक्क्यानेही लुकलुकतो. ग्रहाची चकती थोडी मोठी, म्हणून तो बहुधा शांत राहतो. दक्षिणेला अगस्ती आहे. पुण्यातून तो जेमतेम एकोणीस अंश वर येतो, त्यामुळे जन्मभर डोंगरांच्या आणि इमारतींच्या कडेने लुकलुकण्यातच त्याचं आयुष्य जातं. त्याला 'टॉवरवरचा दिवा' म्हणणारा एक वर्ग आहे आणि 'टॉवरवर तर दिवाच नाही' असं शोधून काढणारा दुसरा.

सगळ्यांत मोठी शिकार मात्र मृगाची झाली. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात रात्री ड्रोन दिसतात, अशी आवई उठली आणि हा हा म्हणता शेजारच्या राज्यांत पसरली. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी हॉगन यांनी रात्री पावणेदहाला घराबाहेर येऊन पाहिलं, तर डोक्यावर डझनावारी मोठे ड्रोन! सुमारे पाऊण तास त्यांनी पाळत ठेवली, व्हिडिओ काढला आणि सरकार काय करतंय, असा जाहीर सवाल टाकला. लोकांनी व्हिडिओ पाहिला. त्यात मृग नक्षत्र होतं. चारही पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, सगळं जागच्या जागी. मेरीलँडमध्ये मृगाच्या सरींची वाट बघणारा शेतकरी नसतो, हे कबूल. पण पाऊण तास पाळत ठेवूनही ड्रोन आपापसातलं अंतर तिळभर बदलत नाहीत, याचं कौतुक तरी करायला हवं होतं.

आपण हसावं, तर आपला फोन टुंग वाजतो. दर ऑगस्टला न चुकता एक निरोप येतो, '२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार, असा योग पुन्हा येणार नाही.' याचं मूळ २००३ सालचं. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता, सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर. मूळ मजकुरात लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिला, तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा वाटेल. पुढे दुर्बीण गळाली, साल गळालं, मंगळ राहिला. आता तो दरवर्षी चंद्राएवढा होतो.

"अहो, हा गेल्या वर्षीही आला होता."

"हो, पण गेल्या वर्षी ढग होते ना."

२४ मार्च २०२३ची संध्याकाळ तर अजून अनेकांच्या गॅलरीत असेल. बारीक चंद्रकोर आणि तिच्या खाली चिकटून शुक्र. त्या दुपारी चंद्राने शुक्राला चक्क झाकलं होतं आणि संध्याकाळी तो कोरेखालून बाहेर पडलेला दिसत होता. गुढीपाडव्याला दोन दिवस झालेले, चैत्री नवरात्र बसलेलं आणि रमजानचा पहिला रोजा त्याच दिवशी. प्रत्येकाला तो देखावा खास आपल्यासाठीचा वाटला आणि त्यावरून निदान कुणाचं भांडण झालं नाही. फक्त सोसायटीच्या ग्रुपवर एका सावध सभासदाने विचारलं, 'कोणाकडे याची अधिकृत माहिती आहे का?' अध्यक्षांनी कळवलं, 'सेक्रेटरींना पाहायला सांगितलं आहे.'

अमेरिकन हवाई दलाने १९६९ साली उडत्या तबकड्यांचं दप्तर बंद केलं, तेव्हा त्यात १२,६१८ नोंदी होत्या आणि त्यांपैकी ७०१चा उलगडा झालेला नव्हता. बाकीच्यांत तारे, ग्रह, उल्का, फुगे, विमानं आणि थोडे थट्टेखोर. तबकडीप्रेमींना त्या ७०१ तोंडपाठ असतात. उरलेल्या ११,९१७ जणांनी रात्री-अपरात्री पोलिसांना उठवलं, त्यांची मात्र कुणी आठवण काढत नाही.

पण एकदा, आणि तेही महाराष्ट्रात, आकाशातून खरोखरच काहीतरी आलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने निघाले. गुढी उतरवून झालेली माणसं अंगणात आली, फोन वर झाले. विमान पडलं, उल्का पडली, क्षेपणास्त्र पडलं, असे तीन पक्ष तत्काळ स्थापन झाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचं गाव आहे. तिथे गावजेवणाची तयारी चालली होती. एवढ्यात आकाश लाल झालं आणि एक धगधगती तबकडी मोठा आवाज करत मोकळ्या जागेत येऊन आदळली. स्फोट होईल या भीतीने लोक घरांत पळाले आणि अर्धा तास आतच बसले. इतकी वर्षं जगभरचे लोक तबकडी पाहिल्याचं सांगत आले आणि कुणी विश्वास ठेवला नाही. इथे तबकडी प्रत्यक्ष पडली, तर बघायला बाहेर कुणी नाही.

बाहेर येऊन पाहिलं, तर धातूचं एक भलंमोठं कडं, अजून गरम. प्रशासनाने खात्री करून घेतली की ते आधी तिथे नव्हतं. मग ते उचलून सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेण्यात आलं. दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडू लागले. पुढे इस्रोची माणसं येऊन पाहणी करून गेली. जाणकारांनी माग काढला तो असा: २०२१च्या फेब्रुवारीत सोडलेल्या एका चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा, वर्षभर पृथ्वीभोवती फिरून खाली आलेला. लडाखमध्ये सहा महिने जागून ज्या चिनी वस्तूची वाट पाहिली, ती अशी सिंदेवाही तालुक्यात, कुठलीही ताबारेषा न विचारता येऊन पडली.

शुक्राचा यात काही संबंध नव्हता. त्या दिवसांत तो पहाटेच्या पाळीला होता. संध्याकाळच्या आकाशात त्याचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तो नेहमीप्रमाणे पूर्वेला उगवला आणि योगायोग असा की त्या आठवड्यात मंगळ आणि शनीही त्याला खेटून होते. रात्रभर न झोपलेली माणसं तांब्या घेऊन बाहेर पडली असणार, पूर्वेकडे बघून थबकली असणार आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याला कोपर मारून नक्कीच सांगितलं असणार, "एक पडलं. तीन अजून वरच आहेत."